पोर्ट्रेटची सुरुवात किती लाइटनी करावी?

एका लाइटनी. सोबत प्रकाश परत फेकणारा एक पांढरा रिफ्लेक्टर असावा. दुसरा लाइट विकत घ्यायचा तो त्याचं काम एका वाक्यात सांगता येईल तेव्हाच. तो पहिला लाइट कसा निवडायचा, कुठे लावायचा, त्याच्याकडून किती काम काढून घेता येतं आणि तो नेमका कुठे अपुरा पडतो, ते आता क्रमाने पाहू.

लाइट घ्यायचं ठरवलं की तीन लाइटचे तयार किट समोर येतात. तीन हेड (म्हणजे प्रत्यक्ष लाइट), तीन स्टँड, तीन छोटे सॉफ्टबॉक्स (लाइटपुढे लावायचे, प्रकाश मऊ करणारे कापडी डबे). एकापेक्षा तीन बरे, असं वाटणं साहजिक आहे. पण त्यात पैसे तीन ठिकाणी वाटले जातात. स्टँड डगमगते, सॉफ्टबॉक्स लहान आणि लाइट कमी ताकदीचे मिळण्याची शक्यता वाढते. त्याहून मोठं नुकसान शिकण्याचं होतं. तीन लाइट एकदम लागले की नाकाच्या दोन्ही बाजूंना सावल्या पडतात, हनुवटीखाली तिसरी दिसते, आणि फोटो बिघडला तर कोणता लाइट हलवायचा ते कळत नाही. एकच लाइट असेल तर चेहऱ्यावरची प्रत्येक सावली त्याचीच. तो हातभर सरकवा, सावली सरकते. वर करा, सावली लांबते. हे एकदा डोळ्यांत बसलं की पुढचे लाइट कुठे लावायचे ते आपोआप सुचू लागतं.

एकाच स्रोतात काम भागतं याचा पुरावा फोटोग्राफीच्या इतिहासातच आहे. १८३९ साली डागेरोटाइप ही फोटो काढण्याची सुरुवातीची पद्धत जाहीर झाली आणि त्यानंतर कित्येक दशकं पोर्ट्रेट स्टुडिओ नैसर्गिक प्रकाशावरच चालले. स्टुडिओ बहुतेक वरच्या मजल्यावर असे, छताला आणि भिंतीला मोठ्या काचा असत. उत्तर गोलार्धात या काचा शक्यतो उत्तरेकडे ठेवत, म्हणजे थेट ऊन आत येत नसे. काचेवरचे पडदे सरकवून प्रकाशाची दिशा ठरवायची आणि सावलीच्या बाजूला पांढरा पडदा उभा करायचा. एक मोठा स्रोत आणि एक रिफ्लेक्टर, एवढ्यावर त्या काळची पोर्ट्रेट उभी आहेत.

लाइट घेण्याआधी खिडकी

पहिली पायरी बिनखर्चाची आहे. थेट ऊन येत नाही अशी खिडकी निवडा, खोलीतले सगळे दिवे बंद करा आणि कोणाला तरी खिडकीपासून साधारण मीटरभर अंतरावर उभं करा. आता त्या व्यक्तीला हळूहळू जागच्या जागी फिरायला सांगा. तुम्हीही कॅमेरा घेऊन तिच्यासोबत फिरा. तोंड खिडकीकडे असताना चेहरा सपाट दिसेल. थोडं वळल्यावर नाकाची सावली गालावर उतरेल. पूर्ण बाजूला वळल्यावर अर्धा चेहरा काळोखात जाईल. मग तिला खिडकीपासून तीन मीटर मागे नेऊन हेच परत करा. लांबून खिडकी चेहऱ्याच्या मानाने लहान होते आणि सावलीची कड जास्त ठळक दिसू लागते. सावली मऊ की कडक, हे स्रोत चेहऱ्याला किती मोठा दिसतो यावर ठरतं, आणि ही गोष्ट वाचून जितकी समजते त्याच्या कितीतरी पट खिडकीपाशी समजते. हे चांगलं दिसू लागेपर्यंत लाइट घेण्याची घाई करू नका.

पहिल्या लाइटसोबत काय काय घ्यायचं

फ्लॅश घ्यायचा की सतत जळणारा एलईडी, हा पहिला प्रश्न. एलईडीत सावली आधीच दिसते, त्यामुळे शिकणाऱ्याला तो सोपा वाटतो, आणि व्हिडिओही करायचा असेल तर तोच घ्यावा. घेताना रंगांची अचूकता सांगणारा सीआरआय ९५ किंवा त्याहून जास्त आहे का ते बघा, नाहीतर त्वचेचा रंग फिका किंवा हिरवट येतो. पण फक्त फोटो काढायचे असतील तर माझं मत फ्लॅशच्या बाजूने आहे. सॉफ्टबॉक्समधून गाळल्यावर मध्यम ताकदीच्या एलईडीचा प्रकाश इतका कमी उरतो की आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) वाढवावा लागतो, आणि तो जवळ आणला की समोरची व्यक्ती डोळे बारीक करते. फ्लॅश क्षणभरच चमकतो, हालचाल गोठवतो आणि आयएसओ १०० वर आरामात काम करू देतो.

फ्लॅशमध्ये कॅमेऱ्यावर बसणारा साधा स्पीडलाइट सुरुवातीला पुरतो, पण तो कॅमेऱ्यावरून उतरवून ट्रिगरने (कॅमेऱ्यावरून फ्लॅशला इशारा देणाऱ्या उपकरणाने) चालवायचा. स्पीडलाइटची ताकद साधारण ६० ते ८० वॉट-सेकंद धरली जाते. बॅटरीवर चालणारा २०० वॉट-सेकंदचा स्टुडिओ फ्लॅश त्याहून सुमारे दीड स्टॉप जास्त प्रकाश देतो (एक स्टॉप जास्त म्हणजे प्रकाश दुप्पट). घरातल्या खोलीत हा फरक फारसा जाणवत नाही, उन्हात किंवा मोठ्या सॉफ्टबॉक्समध्ये लगेच जाणवतो. कोणताही घेतलात तरी पॉवर हाताने बदलता येते ना, ते तपासा. पूर्ण पॉवरपासून १/१२८ पर्यंत जाणारा फ्लॅश सात स्टॉपची सोय देतो.

खरा खर्च सॉफ्टबॉक्सवर करा. दुसऱ्या लाइटसाठी बाजूला ठेवलेले पैसे मोठ्या सॉफ्टबॉक्समध्ये आणि भक्कम स्टँडमध्ये घातले तर फोटोत लगेच फरक दिसतो. डोकं आणि खांद्यांपर्यंतच्या पोर्ट्रेटला ९० ते १२० सेंटीमीटरचा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स उत्तम. पांढरी छत्री स्वस्त आणि उघडायला सोपी असते, पण तिच्यातून प्रकाश चहूकडे सांडतो.

लहान खोलीत हे सांडणं महागात पडतं. पांढऱ्या भिंती आणि छत तो प्रकाश परत चेहऱ्यावर फेकतात, म्हणजे लाइट एक घेतला असला तरी खोलीत स्रोत पाच-सहा झालेले असतात. ‘एकाच लाइटमध्ये सावलीच पडत नाही’ अशी अडचण असेल तर आधी भिंतींकडे बघा. सावलीच्या बाजूला एक काळं कापड टांगून तोच फोटो परत काढा. दोन फोटोंत जो फरक दिसेल तो भिंतीचा प्रकाश.

याशिवाय स्टँडच्या पायावर ठेवायला वाळूची पिशवी आणि पांढऱ्या थर्माकोलचा किंवा फोमबोर्डचा मीटरभर उंचीचा तुकडा लागेल. वाळूची पिशवी टाळू नका, सॉफ्टबॉक्स लावलेला स्टँड माणसाच्या डोक्याच्या वर असतो.

खोलीतला प्रकाश बाजूला काढा

कॅमेरा मॅन्युअलवर घ्या. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार) एफ/५.६, शटर (प्रकाश आत येण्याचा वेळ) १/१६० सेकंद. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो जवळजवळ पूर्ण काळा आला पाहिजे. काही दिसत असेल तर पडदे ओढा, दिवे घालवा किंवा अ‍ॅपर्चर एफ/८ करा. शटर १/२०० किंवा १/२५० पर्यंत वाढवता येईल, पण तुमच्या कॅमेऱ्याची फ्लॅश सिंक मर्यादा (फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत जलद शटर) बघून. ती ओलांडली तर साध्या फ्लॅशने फोटोत काळा पट्टा येतो.

हा काळा फोटो काढायला विसरू नका. तो काळा असला की पुढे जे काही दिसेल ते तुमच्या लाइटचं असेल याची खात्री पटते. खोलीतले पिवळसर बल्ब २७०० ते ३००० केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका प्रकाश पिवळसर) आसपास असतात आणि फ्लॅश साधारण ५५०० केल्विनचा. दोन्ही मिसळले तर एका गालावर पिवळी झाक येते आणि ती नंतर काढणं फार किचकट काम आहे.

आता फ्लॅश १/१६ पॉवरवर चालू करा आणि फोटो काढा. उजळ असेल तर पॉवर कमी, अंधारा असेल तर जास्त. शटर बदलून बघा: सिंक मर्यादेच्या आत फ्लॅशच्या उजेडात काहीच फरक पडणार नाही, कारण फ्लॅशचा झोत शटर उघडं असण्याच्या वेळेपेक्षा खूपच छोटा असतो. फ्लॅशचा उजेड पॉवर, अंतर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओने बदलतो. खोलीतला उजेड मात्र शटरनेही बदलतो. ही विभागणी लक्षात ठेवा, पुढे तिचा मोठा उपयोग आहे.

लाइट कुठे लावायचा

सुरुवात कॅमेऱ्याच्या अगदी वर, समोरून करा. लाइट डोळ्यांच्या वर असावा आणि खाली झुकलेला. नाकाखाली छोटी, दोन्ही बाजूंना सारखी सावली पडेल. याला बटरफ्लाय म्हणतात. उंच गालांच्या, रेखीव चेहऱ्याला तो छान दिसतो.

आता लाइट कॅमेऱ्यापासून बाजूला ३० ते ४० अंशांपर्यंत न्या. नाकाची सावली तिरकी होऊन ओठांच्या कोपऱ्याच्या दिशेने उतरेल, पण गालाच्या सावलीला चिकटणार नाही. ही लूप पद्धत. जवळजवळ कोणत्याही चेहऱ्याला चालते, म्हणून अनोळखी व्यक्तीचा फोटो काढताना इथूनच सुरुवात करावी.

आणखी बाजूला आणि थोडं वर गेलात की नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि सावलीतल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या पोर्ट्रेटमध्ये असा प्रकाश दिसतो, म्हणून त्याचंच नाव या पद्धतीला मिळालं. त्रिकोण डोळ्यापेक्षा रुंद आणि नाकापेक्षा लांब नसावा, असा जुना संकेत आहे. त्या बाजूच्या डोळ्यात चमक दिसते का, तेही बघा. ती नसेल तर डोळा मेल्यासारखा दिसतो. लाइट थोडा खाली घ्या किंवा चेहरा लाइटकडे किंचित वळवा. पूर्ण ९० अंशांवर गेलात की चेहरा उभा दुभागतो. हा स्प्लिट फार थोड्या चेहऱ्यांना शोभतो, पण सराव म्हणून काढून ठेवा.

या चार जागांवर लाइट नेताना दर वेळी फक्त नाकाची सावली बघा. ती कुठे पडते यावरून लाइटची उंची आणि कोन दोन्ही कळतात. खोल डोळ्यांच्या व्यक्तीला लाइट थोडा खाली लागतो, नाहीतर भुवयांची सावली डोळे गिळते. सुरकुत्या जास्त असतील आणि त्या सौम्य दाखवायच्या असतील तर लाइट समोरच्या बाजूला आणा आणि जवळ घ्या.

चेहरा कॅमेऱ्यापासून थोडा वळलेला असेल तर आणखी एक निवड असते. कॅमेऱ्याकडचा रुंद गाल उजळायचा की पलीकडचा? नाक ज्या बाजूला वळलं आहे त्या बाजूने लाइट आला तर पलीकडची, कमी दिसणारी बाजू उजळते आणि रुंद गाल सावलीत जातो. चेहरा सडपातळ दिसतो, खोलीही येते. मी बहुतेक वेळा हीच बाजू धरतो. अरुंद चेहऱ्याला उलट केलेलं बरं दिसतं.

अंतर: एका लाइटची खरी ताकद

सुरुवातीला सॉफ्टबॉक्स जेवढा रुंद, साधारण तेवढ्याच अंतरावर चेहरा ठेवा. मीटरभर सॉफ्टबॉक्सला मीटरभर अंतर. फ्रेमच्या बाहेर जेमतेम राहील इतका जवळ.

अंतर दुप्पट केलं की प्रकाश चौथाई उरतो, म्हणजे दोन स्टॉप कमी. एका स्टॉपच्या पायऱ्या १ मीटर, १.४, २, २.८, ४ अशा जातात. हे आकडे अ‍ॅपर्चरच्या आकड्यांसारखेच आहेत, त्यामुळे पाठ करावे लागत नाहीत. लाइट १ मीटरवरून २ मीटरवर नेलात तर पॉवर १/१६ वरून १/४ करा, चेहरा तितकाच उजळ येईल.

चेहरा तितकाच राहील, बॅकग्राउंड मात्र बदलेल, आणि बहुतेकांना दुसरा लाइट हवासा वाटतो तो इथेच. समजा भिंत पांढरी आहे. लाइटपासून चेहरा १ मीटरवर आणि भिंत चेहऱ्याच्या मागे १ मीटरवर. भिंतीवर चेहऱ्यापेक्षा दोन स्टॉप कमी प्रकाश पोचतो, भिंत राखाडी येते. व्यक्तीला आणि लाइटला भिंतीपासून पुढे घ्या, चेहरा आणि भिंत यांत ३ मीटर ठेवा. आता लाइट ते भिंत ४ मीटर, फरक चार स्टॉपचा, तीच भिंत गडद राखाडी होते. उलट, व्यक्ती भिंतीपासून १ मीटरवरच ठेवून लाइट ३ मीटर लांब नेला तर फरक एका स्टॉपहूनही कमी राहतो आणि भिंत उजळ दिसते. एक भिंत, एक लाइट आणि तीन बॅकग्राउंड. हे आकडे अंधाऱ्या किंवा मोठ्या खोलीतले आहेत, लहान पांढऱ्या खोलीत परावर्तनामुळे भिंत याहून थोडी उजळ येईल.

अंतराचाच नियम दोघांच्या फोटोत उपयोगी पडतो. लाइट जवळच्या व्यक्तीपासून १ मीटरवर आणि दुसरीपासून १.४ मीटरवर असेल तर दोघींत पूर्ण एक स्टॉपचा फरक पडतो. लाइट ३ मीटरवर नेलात तर दुसरी ३.४ मीटरवर येते आणि फरक सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या स्टॉपवर उतरतो. सावली थोडी कडक होईल, पण दोघी सारख्या उजळ दिसतील. लाइटचा मध्य लांबच्या व्यक्तीकडे रोखला तर उरलेला फरकही भरून निघतो.

सावलीत किती उजेड हवा

सावली फार काळी वाटली की लगेच दुसऱ्या लाइटकडे हात जाऊ देऊ नका. फोमबोर्ड सावलीच्या बाजूला, चेहऱ्याच्या किंचित पुढे धरा. तो अर्ध्या मीटरवर असताना एक फोटो, मीटरभर लांब नेऊन दुसरा, बोर्ड काढून तिसरा. बोर्ड व्यक्तीच्या मागच्या बाजूला सरकला तर तो कानच उजळतो, म्हणून पुढेच ठेवा. चंदेरी रिफ्लेक्टर जास्त प्रकाश फेकतो, पण लाइटशी स्पर्धा करू लागतो. सोनेरी मी पोर्ट्रेटमध्ये टाळतो, सावलीचा रंग बदलतो.

समोरून बटरफ्लाय लाइट असेल तर बोर्ड छातीच्या पातळीवर आडवा धरा. हनुवटीखालचा अंधार जातो आणि डोळ्यांत खालूनही चमक येते. उलट, चेहऱ्याला धार हवी असेल तर पांढऱ्याऐवजी काळं कापड लावा.

सावली भरायला आणखी एक बिनखर्चाचा मार्ग आहे, मघाचा शटरचा. खोलीत खिडकीचा उजेड असेल तर शटर १/१६० वरून १/४० करा. फ्लॅशचा उजेड तसाच राहील, खिडकीचा दोन स्टॉपनी वाढेल आणि सावलीत उतरेल. व्यक्तीला स्थिर उभं राहायला सांगा आणि रंगात फार फरक नाही ना ते बघा.

दुसरा लाइट कधी

इतकं सगळं करून झालं आणि फोटोत एक ठराविक उणीव परत परत दिसली, तर दुसरा लाइट घ्या. ती उणीव शब्दांत मांडता आली पाहिजे. ‘फोटो अजून प्रोफेशनल दिसावा’ यावरून लाइट कुठे ठेवायचा ते ठरत नाही. ‘काळे केस काळ्या बॅकग्राउंडमध्ये हरवतात’ यावरून ठरतं: मागे, बाजूला, केसांच्या वर. पुढ्यात ग्रिड (प्रकाश पसरू न देणारी जाळी) लावा म्हणजे लेन्समध्ये प्रकाश घुसणार नाही. अगदी कमी पॉवरवर, १/६४ वर सुरू करा आणि केसांची, खांद्याची रेष सुटी दिसू लागली की थांबा. मागून तिरका येणारा प्रकाश अपेक्षेपेक्षा जास्त झळकतो आणि नाकाच्या टोकावर तो दिसला तर जास्त पुढे आलाय असं समजा.

दुसरी खरी गरज शुभ्र बॅकग्राउंडची. तिसरी पूर्ण उंचीच्या फोटोची, कारण हाताने धरलेला बोर्ड पायांपर्यंत पोचत नाही. तिथे दुसरा लाइट मोठ्या छत्रीत, कॅमेऱ्याच्या मागे ठेवून मुख्य लाइटपेक्षा एक ते दोन स्टॉप कमी ठेवायचा. फारच कमी लोकांना सुरुवातीलाच दोन लाइट घ्यावे लागतात: ज्यांचं कामच शुभ्र बॅकग्राउंडवर ओळीने अनेकांचे फोटो काढण्याचं आहे, त्यांना. त्यांनी वेळ घालवू नये.

चष्म्यावर लाइट चमकतो म्हणून दुसरा लाइट घेण्यात अर्थ नाही. प्रकाश ज्या कोनात पडतो त्याच कोनात परत फिरतो. लाइट वर घ्या, हनुवटी जराशी खाली, चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचला. बहुतेक वेळा एवढ्याने चमक जाते.

दुसरा लाइट पहिल्याच ट्रिगरवर चालणारा घ्या आणि त्याला वेगळा गट द्या, म्हणजे कॅमेऱ्यापाशी उभं राहून दोन्हींची पॉवर बदलता येईल. तो पहिल्याइतका ताकदवान असायची गरज नाही. लावताना दर वेळी आधी मुख्य लाइट एकटा लावून फोटो काढा, मग तो बंद करून फक्त दुसरा लावा, मग दोन्ही. दुसऱ्याच्या एकट्याच्या फोटोत तो नको तिथे सांडतोय का ते स्पष्ट दिसतं. डोळ्यांत चमकीचे दोन ठिपके आले तर दुसरा लाइट फार पुढे किंवा फार तेज आहे.

शुभ्र बॅकग्राउंडचं गणित थोडं वेगळं. व्यक्तीला भिंतीपासून दीड ते दोन मीटर पुढे ठेवा. दुसरा लाइट भिंतीकडे रोखा आणि तो थेट व्यक्तीवर पडू देऊ नका. मुख्य लाइट बंद करून, अ‍ॅपर्चर तेच ठेवून, कॅमेऱ्याची अति-उजेडाची सूचना भिंतीवर जेमतेम लुकलुकू लागेपर्यंत पॉवर वाढवा. चेहऱ्यावरच्या प्रकाशापेक्षा भिंतीवर साधारण एक स्टॉप जास्त पुरतो. त्याहून वाढवलात तर प्रकाश भिंतीवरून उलटून केसांच्या आणि गालांच्या कडा खातो आणि फोटो धुरकट होतो. डोक्यापासून छातीपर्यंतच्या फ्रेमला एक लाइट पुरेल. पूर्ण उंचीला भिंत एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला राखाडी येऊ लागली, तर तिसरा लाइट घ्या: भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकेक, सारख्या अंतरावर आणि सारख्या पॉवरवर, प्रत्येकाचा रोख भिंतीच्या पलीकडच्या कडेकडे.